बंदीनंतरची शर्यत

महाराष्ट्रात बैलांची शर्यत सगळीकडे सारखी होत नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ती घाटात होते, सातारा-सांगलीत माळावर, विदर्भात पटावर, तर रायगड-ठाण्यात भातशेतीच्या मोकळ्या खाचरांत किंवा समुद्राच्या ओल्या वाळूत. नियम वेगळे, गाडीची घडण वेगळी, जिंकण्याची रीतही वेगळी. या सगळ्या प्रकारांवर २०१४ मध्ये एकाच निकालाने पडदा पडला आणि डिसेंबर २०२१ मध्ये एकाच आदेशाने तो उघडला. मधल्या साडेसात वर्षांत शेती बदलली, गोठे बदलले आणि मोबाईल घरोघर पोचला. म्हणूनच परत आलेली शर्यत जुनी असूनही बरीचशी नवी आहे.

शर्यतीचे प्रकार

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ आणि शिरूर या तालुक्यांत ‘बैलगाडा’ म्हटला की घाट आलाच. इथे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. गावाच्या यात्रेसाठी राखलेली, खालून वर चढत जाणारी ती मातीची धावपट्टी असते. गाड्याला चार बैल, दोन पुढे आणि दोन मागे. त्यांच्या पुढे एक घोडी आणि तिच्यावर स्वार. घोडी सुटली की बैल तिच्या मागे उधळतात. एका वेळी एकच गाडा धावतो. त्याच्या धावेला ‘बारी’ म्हणतात आणि झुंज असते ती घड्याळाशी. चांगला गाडा अकरा-बारा सेकंदांत घाट सर करतो, त्यामुळे सेकंदाच्या शंभराव्या भागावरही बक्षीस ठरते. दिवसभरात सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’. मांडवातला निवेदक गाडामालकांची नावे पुकारतो आणि बारी सुटताच ‘भिर्रर्र’ अशी आरोळी ठोकतो. लोकांना ही शर्यत डोळ्यांइतकीच कानांनीही आठवते.

सातारा, सांगली आणि सोलापूरच्या माळावर चित्र वेगळे दिसते. तिथे हलक्या छकड्याला दोनच बैल जुंपतात, वर चालक असतो आणि अनेक छकडे एकाच वेळी सुटतात. मैदानावर प्रत्येकासाठी सरळ चाकोऱ्या आखलेल्या असतात. आपली चाकोरी सोडून दुसऱ्याच्या चाकोरीत शिरणारा छकडा बाद होतो. आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल. ‘गट पास झाला’ हे वाक्य या भागात परीक्षेच्या निकालाइतक्याच गंभीरपणे उच्चारले जाते.

विदर्भात हाच खेळ ‘शंकरपट’ या नावाने चालतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला आहे. बैलजोडी हाकणारा तो ‘धुरकरी’. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीपट्टीत शंकरपट दिवसा आणि नाटक रात्री अशी जोडीच ठरलेली. पटासाठी आलेले पाहुणे रात्रभर नाटक पाहतात, सोयरिकी जुळवतात आणि सकाळी घराकडे निघतात. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम ‘मंडई’ नावाच्या जत्रा आणि अशा पटांच्या आधारानेच उभा राहिला. तिथे पट बंद होण्याचा अर्थ एका खेळापुरता राहत नाही, गावाची एक अख्खी रात्र रिकामी होते.

मुंबईलगतच्या आगरी-कोळी पट्ट्यात, म्हणजे पनवेल, उरण, कल्याण, अंबरनाथ आणि भिवंडीच्या गावांत ‘बिनजोड’ लोकप्रिय आहे. दोनच छकडे एकमेकांसमोर उभे ठाकतात. ज्याचा पुढे, त्याचा गुलाल. गट नाही, सेमी नाही. नावाजलेल्या बैलाला आव्हान देणे आणि ते स्वीकारणे हाच या प्रकाराचा गाभा. त्यामुळे इथे बक्षिसाइतकेच महत्त्व नावाला असते, आणि ईर्षाही तितकीच तीव्र. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरच्या शर्यतींना याखेरीज भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळावे लागते. पाणी ओसरले की वाळू घट्ट असते, तेवढ्या अवधीत शर्यती उरकायच्या.

धावणारा बैल

या शर्यतींत सर्वाधिक मान खिलार जातीचा. माणदेशाच्या कोरड्या माळावर, म्हणजे सातारा, सांगली आणि सोलापूरच्या सीमाभागात ही जात घडली. अंगाने सडपातळ, रंगाने पांढरी किंवा करडी, शिंगे लांब आणि मागे झुकून वर गेलेली. आटपाडी महाल, म्हसवड, तापी आणि नकली असे तिचे चार उपप्रकार पशुवैद्यक मानतात. कमी चाऱ्यावर तग धरणारे आणि चपळ पायांचे हे जनावर नांगराइतकेच वाटचालीसाठीही नावाजलेले होते. माळावरच्या शर्यतीत तीच चपळाई कामी येते.

बैलाचे वय जन्मतारखेवरून नव्हे, दातांवरून ठरते. मैदानावर नोंदणीच्या वेळी खालचा ओठ बाजूला करून पुढचे दात पाहतात. खालच्या जबड्यातले आठ दुधाचे दात जोडीजोडीने पडतात आणि त्यांच्या जागी रुंद, पिवळसर कायमचे दात येतात. सगळे दात दुधाचे असतील तर तो ‘आदत’. पहिली जोडी आली की ‘दुसा’, दुसरी आली की ‘चौसा’. चारही जोड्या पूर्ण झाल्या की बैल ‘जुळला’. पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या आसपास येते आणि जुळायला बैल चार-पाच वर्षांचा व्हावा लागतो. आदत खोंडांच्या शर्यती स्वतंत्र घेतल्या जातात. त्यात चमकलेल्या खोंडाची किंमत एका दिवसात बदलते, म्हणून व्यापाऱ्यांची नजर मोठ्या फायनलपेक्षा आदतच्या मैदानावर अधिक असते.

शर्यतीचा बैल सहसा औताला जुंपत नाहीत. त्याला पोहायला नेतात, चढावर चालवतात, अंग रगडतात आणि खुराकात भरड, पेंड, दूध, अंडी असे काहीबाही घालतात. एका बैलामागे एक माणूस दिवसभर गुंततो. 

बंदी कशी आली

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा. त्याच्या कलम २२ नुसार काही प्राण्यांचे खेळ करणे किंवा त्यासाठी त्यांना शिकवणे यावर केंद्र सरकार बंदी घालू शकते. सिंह, वाघ, अस्वल, माकड असे प्राणी त्या यादीत आधीपासून होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्यात वळूचीही भर घातली. महाराष्ट्र शासनाने त्याचा आधार घेऊन शर्यती थांबवल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये हे धोरण उचलून धरले. त्यानंतरचा काळ अपिले, अंतरिम परवानग्या आणि पुन्हा मनाई यांत गेला.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराजा खटल्याचा निकाल दिला. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोन्हींवर बंदी कायम केली. बैलाची शरीररचना ओझे ओढण्याला आणि संथ चालीला योग्य आहे, घोड्यासारखा तो धावण्यासाठी बनलेला नाही, हा त्या निकालाचा महत्त्वाचा आधार होता. शेपटी पिरगाळणे, चावे घेणे, टोचण्या मारणे अशा प्रकारांचे अहवालही न्यायालयापुढे आले होते. जी वागणूक शर्यतशौकीन ‘बैलाला चेव आणणे’ म्हणून सांगत, तिचे नाव न्यायालयाने क्रूरता असे नोंदवले.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सवलतीची अधिसूचना काढली, पण पाचच दिवसांत तिला स्थगिती मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी लाखोंचा जमाव बसला आणि तमिळनाडूने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून घेतली. कर्नाटकाने रेड्यांच्या कंबळा शर्यतीसाठी आणि महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतीसाठी तोच मार्ग धरला. महाराष्ट्राची दुरुस्ती २०१७ मध्ये विधिमंडळात संमत झाली आणि तिला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. ऑगस्टमध्ये मात्र मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपवले गेले. तमिळनाडूत या काळात जल्लीकट्टू सुरू होते आणि महाराष्ट्रातले घाट मोकळे पडले होते. शर्यतप्रेमींच्या तक्रारीला धार आली ती या विसंगतीमुळे.

पुनरागमन आणि नियम

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्या. ए. एम. खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने २०१७ च्या दुरुस्तीनुसार आणि नियमांनुसार महाराष्ट्रात शर्यती घेण्यास परवानगी दिली. पहिल्या काही आठवड्यांत करोनाच्या निर्बंधांमुळे ठरलेल्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी गाड्यापुढे स्वतः घोडी पळवली. बंदी उठवण्याचे आश्वासन शिरूर मतदारसंघात सर्वच पक्षांच्या प्रचारात असे, त्यामुळे घाटात गुलालासोबत राजकारणही उधळले जाणे स्वाभाविक होते. पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. या दुरुस्त्यांनी आणि नियमांनी खेळाचे स्वरूप पुरेसे बदलले आहे, म्हणून २०१४ चा निकाल त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही, अशी त्या निकालाची दिशा होती.

परवानगीसोबत नियमावली आली. आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज करावा लागतो आणि ५० हजार रुपयांची अनामत ठेवावी लागते. धावेचे अंतर जास्तीत जास्त १,००० मीटर. बैल धडधाकट असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र हवे. चालकाच्या हाती काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका देणारे काहीही असू नये. बैलांना दोन धावांमध्ये विश्रांती, सावली आणि पाणी मिळायला हवे. शर्यतीचे चित्रीकरण ठेवावे लागते. नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लांब पल्ल्याच्या, डांबरी रस्त्यावरून मोटरसायकलींच्या गराड्यात होणाऱ्या जुन्या शर्यतींना या चौकटीत जागाच उरली नाही. त्या चोरून होतात आणि गुन्हेही दाखल होतात.

पुनरागमनाच्या पहिल्याच वर्षी आणखी एक अडथळा आला. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ पसरल्याने राज्यभर जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती थांबवण्यात आल्या. शर्यतीच्या निमित्ताने शेकडो बैल एका मैदानात येतात आणि तिथून आपापल्या जिल्ह्यांत परततात, त्यामुळे साथीच्या दृष्टीने हे मैदान बाजाराइतकेच जोखमीचे ठरते. लसीकरण आणि कानातले बिल्ले यांची सवय अनेक गाडामालकांना त्या वर्षात लागली.

बक्षीस, कॅमेरा आणि किंमत

बंदीपूर्वी यात्रेतल्या बक्षिसांत ढाल, फेटा, रोख रक्कम आणि फार तर मोटरसायकल असे. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो आणि ट्रॅक्टर बक्षीस म्हणून उभे होते. नंतर सांगली जिल्ह्यातल्या मोठ्या मैदानांत थार आणि फॉर्च्युनरपर्यंत मजल गेली. बैलांच्या ताकदीची शर्यत जिंकून शेताचे काम करणारे यंत्र घरी न्यायचे, हा विरोधाभास मैदानात कुणाला खटकत नाही.

दुसरा बदल कॅमेऱ्याने आणला. घाटात पूर्वी घड्याळ धरणारा आणि निशाण दाखवणारा पंच यांचा शब्द अखेरचा असे, आणि भांडणेही तिथूनच सुरू होत. आता अंतिम रेषेवर कॅमेरा असतो, चित्र थांबवून पाहतात आणि निकाल देतात. ड्रोन वरून चाकोऱ्या दाखवतो. यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण गावाबाहेर नोकरीला गेलेला माणूसही पाहतो. नियमानुसार ठेवायचे चित्रीकरण आणि प्रेक्षकांसाठीचे प्रक्षेपण अशी दोन्ही कामे त्याच कॅमेऱ्याने होतात. चाबूक उगारणारा चालकही त्यात दिसतो, त्यामुळे नियमपालनाची जी काही धास्ती आहे तीही याच कॅमेऱ्याची.

प्रक्षेपणाने बैलाला नाव मिळाले. पूर्वी बैल पंचक्रोशीत ओळखला जाई, आता तो जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून ओळखला जातो. नावामुळे किंमत चढली. औताचा बैल हजारांत विकला जातो, तिथे गाजलेल्या शर्यतीच्या बैलाची बोली लाखांत जाते. पनवेलजवळच्या विहिघरचे पंढरीशेठ फडके यांचा ‘बादल’ हा बैल त्याच्या लाखांच्या किमतीमुळे वर्तमानपत्रांत गाजला होता. फडके २०२४ मध्ये वारले. अंगभर सोने आणि दावणीला नावाजलेले बैल ही त्यांची ओळख या पट्ट्यातल्या शर्यतीची जाहिरातच झाली होती.

पैसा आणि प्रतिष्ठा एकत्र आली की वैरही येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथमध्ये शर्यतीच्या वादातून दोन गटांत भर रस्त्यात गोळीबार झाला. सट्ट्याचा आरोपही या खेळावर सतत होतो. प्राणिमित्र संघटनांचा आक्षेप तर कायम आहे. परवानगी जिल्हा पातळीवर मिळते, पण मैदानात पशुवैद्यक एक आणि बैल शेकडो असतात. काठी हातात नसली तरी बैलाला अन्य मार्गांनी उत्तेजित करता येते. शर्यत संपल्यानंतरच्या वाहतुकीकडे तर फारसे कुणाचे लक्ष नसते. नियम कागदावर सविस्तर असले तरी त्यांचा कस लागतो तो यात्रेच्या ऐन गर्दीत.

शहराच्या कडेची शर्यत

शेताच्या जागी शहर आले की शर्यतीचे काय होते, ते सारसोळ्यात दिसते. सारसोळे हे नवी मुंबईतल्या नेरूळचे एक मूळ गाव. ठाणे खाडीच्या कडेला कोळीवाडा आणि जेटी, मागे गावठाण. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. करावे, दारावे, शिरवणे, नेरूळ आणि सारसोळे यांसारख्या गावांची शेते सेक्टरांच्या आकड्यांत विरघळली. खारजमिनीतले बांध गेले, भातखाचरे गेली. मोबदल्यासाठी लढे झाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण पुढे आले.

शेत गेले की औत जाते आणि औत गेले की बैल ठेवण्याचे कारण जाते. सारसोळ्यासारख्या गावठाणात आज दोन इमारतींमध्ये छकडा वळवण्याइतकीही जागा मिळणे कठीण. तरीही आगरी समाजातली शर्यतीची हौस मोबदल्याबरोबर संपली नाही. ती पामबीच मार्गावरून पुढे पनवेल-उरणच्या उरल्यासुरल्या मोकळ्या जमिनीवर सरकली. शहरात राहणारा मालक, गावाकडच्या गोठ्यात सांभाळलेला बैल आणि टेम्पोतून मैदानापर्यंत प्रवास, अशी नवी रचना तयार झाली. विमानतळ, नवे रस्ते आणि गृहप्रकल्प यांच्यामुळे ती मैदानेही दरवर्षी मागे हटत आहेत. शर्यतीवरची बंदी न्यायालयाने उठवली, पण जमिनीच्या भावाविरुद्ध कुठलेच अपील चालत नाही.

कामाचे वाहन, खेळाचे वाहन

कामाच्या साधनाची शर्यत लावण्याची आवड जगभर आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मंड बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये बाजारात आणलेली ‘स्की-डू’ ही बर्फावरची हलकी गाडी बर्फाने रस्ते बंद होणाऱ्या मुलखातल्या दळणवळणासाठी होती. पाचच वर्षांत, १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील ईगल रिव्हरला तिच्या शर्यती सुरू झाल्या. कर्नाटकच्या किनाऱ्यावर चिखलातल्या रेड्यांचा कंबळा भाताच्या शेतातूनच आला. २०२० मध्ये श्रीनिवास गौडा या धावपटूने रेड्यांच्या जोडीसोबत १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापले, तेव्हा देशभर या खेळाची चर्चा झाली. बर्फगाडी मात्र कारखान्यात हवी तेवढी तयार होते. बैल तयार होण्यासाठी गाय, चारा, गोठा आणि सांभाळणारे कुटुंब लागते.

इथेच आकडे बोलतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. महाराष्ट्रातला एकूण गोवंश याच काळात सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांपर्यंत खाली आला. ट्रॅक्टर स्वस्त झाला, बैलजोडी सांभाळणे महाग झाले. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने निकामी बैल विकून खर्च भरून काढण्याचा मार्ग बंद झाला. या परिस्थितीत खिलार वळू पाळणारे, त्याच्यापासून पैदास करणारे आणि चांगले खोंड शोधणारे जे लोक उरले, त्यांतल्या अनेकांसाठी शर्यत हेच कारण आहे. शर्यतसमर्थक देशी वंश टिकवण्याचा मुद्दा पुढे करतात, त्यात म्हणून तथ्य आहे. मात्र शर्यतीसाठी लागणारा वंश वेगाच्या एकाच गुणावर निवडला जातो. औताची ताकद, शांत स्वभाव आणि काटकपणा हे गुण त्या निवडीत मागे पडू शकतात.

बंदीपूर्वी बैल होते म्हणून शर्यती होत्या. आता अनेक गावांत शर्यत आहे म्हणून बैल आहेत. यात्रा समित्यांनी वर्षाआड का होईना ढाल आणि फेट्याचे छोटे घाट चालू ठेवले, आदत खोंडांच्या मैदानांना प्रतिष्ठा मिळाली आणि नियमपालनाची जबाबदारी आयोजकांनी स्वतःहून घेतली, तर दोन-चार बैल बाळगणारा साधा शेतकरी या खेळात राहील. तसे न झाल्यास हा खेळ फॉर्च्युनर परवडणाऱ्यांचा होईल आणि घाटाभोवतीच्या गावाला फक्त प्रेक्षकाची जागा उरेल.